स्लीव्ह होऊन आठ महिने झाले, भूक परत आली आणि माझा धंदा पोळी-भाजीचा

पाटावरवंटा

नमस्कार मंडळी. वय ४६, डोंबिवली पूर्व. घरूनच पोळी-भाजी केंद्र चालवते, दुपारचे डबे आणि सणावारी ऑर्डरी. जानेवारीत माझी स्लीव्ह झाली, म्हणजे वजनासाठी जठराचा बराचसा भाग कापून काढतात ते ऑपरेशन, दुर्बिणीतून. तेव्हा वजन १२१, काल काट्यावर ८९. साखर होती, रात्री श्वासाचं मशीन लावून झोपायचे. ते मशीन आता माळ्यावर आहे. गुडघे कुरकुरतात पण स्टेशनचा जिना न थांबता चढते. म्हणजे ऑपरेशनबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक त्यावरच घसरतात.

प्रश्न भुकेचा आहे.

पहिले तीन-चार महिने भूक नावाचा प्रकारच नव्हता. मोबाईलला गजर लावून सूप आणि ताक प्यायचे. समोरच्या कढईत बटाटेवडे तळले जात आणि मला काही म्हणजे काही वाटत नसे. मुलगी म्हणायची, आई, तू संन्यास घेतलास. मला वाटलं, चला, हे एक आयुष्यातून गेलं. गौरी-गणपतीच्या सुमारास ती परत आली. आली ती एकटी नाही, तिघी जणी मिळून आल्या असं माझं मत आहे, कारण तिन्ही वेळच्या भुका वेगळ्या लागतात.

सकाळी पाचला उठून बिनसाखरेचा चहा घेते. मग कणीक, भाज्या, फोडण्या. अकराच्या आत डबे भरून पोरं घेऊन जातात. ती गेली की बेंबीच्या वर, छातीच्या खाली कुरतडायला लागतं. भूकच वाटते. दोन घास पोळी खाल्ली की शांत, अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा सुरू.

दुसरी दुपारी चार-साडेचारची. ही भयंकर. हात कापतात, कानशिलांवर घाम येतो, खाण्याशिवाय काही सुचत नाही. त्या वेळी समोर खारी आहे की शंकरपाळी की मुलाने आणलेला केक, याला महत्त्व नसतं. खाल्लं की दहा-पंधरा मिनिटांत माणसात येते.

तिसरी रात्रीची. ओटा पुसून, गॅसची बटणं बघून साडेदहाला टीव्हीसमोर बसलं की. ही पोटात नसते, तोंडात असते.

शिवाय एक कोडं. अर्धी भाकरी आणि चार चमचे मटकी खाल्ली की छातीत दाटतं, पुढचा घास जात नाही. पण पातळ पोह्यांचा चिवडा वाटीभर जातो आणि वर दुसरी वाटी मागतो. चहात बुडवलेली खारी तर विचारूच नका. पोट एकच ना?

त्यात धंद्यामुळे चव बघावी लागते. सध्या पितृपक्ष चालू आहे. रोज कुठे ना कुठे खीर, वडे, आमसुलाची चटणी, कढी, गवार, भोपळा. गणपतीत मोदकाचं सारण होतं. चमचा चमचा म्हणत किती पोटात जातं ते देवाला ठाऊक.

यजमान काही बोलत नाहीत. सासूबाई परवा म्हणाल्या, "पोट कापून घेतलंस तरी तुझं चालूच आहे." त्यांचं वय ७८, त्यांच्यावर रागावून काय करणार. पण रात्रभर डोक्यात तेच. पोट ताणून परत मोठं झालं का?

गोळ्या: मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, बी-१२. साखरेची ग्लिमेपिराइडची अर्धी गोळी फॅमिली डॉक्टरांनी चालू ठेवली आहे. सकाळची ॲसिडिटीची गोळी सहा महिन्यांनी थांबवली, कोर्स तेवढाच लिहिला होता. सर्जनकडची तारीख अजून महिन्याने. त्यांच्याकडच्या आहाराच्या छापील कागदावर ब्रोकोली, टोफू, किन्वा आणि ग्रिल केलेला मासा लिहिलाय. आमच्याकडे मासा होतो, पण तो कालवणात. अंडी-मासे चालतात, सोमवार-गुरुवार सोडून.

ज्यांची झाली आहे त्यांनी सांगा. तुमची भूक परत आली का, आणि तुम्ही तिचं काय करता?

---

तांबडापांढरा

वहिनी, परत आली का म्हणून काय विचारता, माझी तर सामानसुमान घेऊन राहायला आली.

मी कोल्हापूर. ट्रकच्या बॉड्या बांधायचा वर्कशॉप आहे. २०१६ साली बायपास केला, हृदयाचा नव्हे, वजनासाठी पोटाचा करतात तो, १४६ किलो होतो. दोन वर्षांत ८७ वर आलो. तेव्हा लोक बायकोला बाजूला घेऊन विचारायचे, ह्यांना काही आजार-बिजार आहे का. आता ९८ आहे. म्हणजे तळाला गेलेलं थोडं वर येतंच, ते मनात धरून ठेवा. डॉक्टरांनीही मला तसंच सांगितलं होतं, पण तेव्हा कोण ऐकतंय.

माझी भूक दुसऱ्या वर्षात आली. पहिल्यांदा घाबरलो, मग बघायला लागलो की नक्की काय खाल्लं की ती किती वेळ गप्प बसते. मिसळ-पाव खाल्ला की दोन तासांत परत हजर. सुक्या मटणाचे पाच-सहा तुकडे नीट चावून खाल्ले की चार-पाच तास नाव नाही. तेव्हापासून माझा नियम एकच, ताटात पहिला हात मटणाला, अंड्याला नाहीतर उसळीला. मग भाजी. भाकरी शेवटी, आणि जागा राहिली तर. भात जवळपास सुटलाच, घशाखाली जाऊन बसतो आणि कळ येते.

रस्सा हा आमच्याकडे धर्म आहे, तो सोडणार नाही. पण जेवताना पीत नाही. पांढरा रस्सा वाटीभर जेवणाच्या अर्धा तास आधी. जेवताना पाणी नाही, नंतर अर्धा तास नाही. हे पातळ वरून ओतलं की खाल्लेलं खाली सरकतं आणि पोट मोकळं, असं आमच्या सिस्टरने सांगितलं होतं आणि तसंच होतं.

लग्नात मात्र कठीण. आग्रहाला "ऑपरेशन झालंय" म्हटलं की लोक पोट बघायला लागतात आणि निम्मी पंगत वैद्य होते. मी "पथ्य आहे" म्हणतो. पथ्याला आपल्याकडे मान आहे, पुढे कोणी विचारत नाही.

माझं पोट भरलं की नाकातून पाणी येतं. हसू नका, खरंच. पहिलं शिंतोडं आलं की ताट सरकवायचं. त्यानंतरचा एक घास म्हणजे बेसिन गाठायची वेळ. तुमचीही काहीतरी खूण असेल, उचकी, सुस्कारा, काहीही. बघून ठेवा.

आणि कोणी बायपासवाले वाचत असतील तर दोन गोष्टी. दारू सरळ डोक्यात जाते, पूर्वीचा हिशोब चालत नाही. आणि जेवणातून गेलेली मजा काही लोक तिथे शोधतात. आमच्या बरोबरचा एक जण त्यात वाया गेला. दुसरं, गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, ब्रुफेन आणून खाऊ नका. पोट आणि आतडं जिथे जोडलंय तिथे अल्सर होतो.

---

सरळमार्गी

राग मानू नका, पण निसर्गाने दिलेला अवयव कापून टाकल्यावर हे होणारच. रोज पहाटे पाच किलोमीटर चालणे, कोमट पाण्यात लिंबू-मध, संध्याकाळी सातनंतर काही न खाणे. माझे ९ किलो असेच कमी झाले. जिभेवर ताबा नसेल तर कितीही ऑपरेशनं करा.

---

पाटावरवंटा

सरळमार्गी, तुमचे ९ गेले, अभिनंदन. माझे पंधरा वर्षांत मिळून त्याहून कितीतरी जास्त गेले होते आणि प्रत्येक वेळी व्याजासकट परत आले. मध-लिंबू, जीएम डाएट, कीटो, दोनदा जेवा, सगळं घरात येऊन गेलंय. पहाटे पाचला मी पोळपाटापाशी उभी असते. चालायला संध्याकाळी जाते. पुढचा मुद्दा.

तांबडापांढरा दादा, "पथ्य आहे" हे फार आवडलं. आजपासून वापरते.

---

मुगाचंवरण

मी आहारतज्ज्ञ आहे, पुण्यात, बेरिॲट्रिकच्या, म्हणजे वजनाच्या ऑपरेशनच्या रुग्णांबरोबर रोजचं काम. इथे बसून तुमची तपासणी होत नाही. तरी तुम्ही तीन भुका वेगळ्या करून लिहिल्यात, यानेच निम्मं काम सोपं झालं. बहुतेक जण "सारखी भूक लागते" एवढंच सांगतात.

दुपारपासून सुरुवात करते, कारण ती महिनाभर थांबायची गोष्ट नाही. हात कापणं, घाम, खाल्लं की पंधरा मिनिटांत ठीक. हे साखर खाली गेल्याचं लक्षण असू शकतं. घरी ग्लुकोमीटर असेलच. पुढच्या वेळी आधी बोटावर तपासा, मग खा. आकडा ७० च्या खाली आला तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, सावरलात की वर अंडं, पनीर किंवा मूठभर फुटाणे, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही किती जेवलात ते ती विचारत नाही. १२१ किलोला आणि पूर्ण जेवणाला बसवलेली गोळी ८९ किलोला आणि अर्ध्या भाकरीला जड होऊ शकते, अर्धी असली तरी.

दुसरी शक्यता सारणाची आणि खिरीची. स्लीव्हनंतर गोड पदार्थ आतड्यात लवकर उतरतो, रक्तातली साखर एकदम चढते, त्याला उत्तर म्हणून इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांनी साखर कोसळते. याला लेट डम्पिंग म्हणतात. बायपासमध्ये जास्त दिसतं, स्लीव्हमध्येही होतं. तुम्ही दोनच्या सुमारास खिरीची चव बघत असाल तर चार-साडेचार ही वेळ नेमकी बसते. आणि त्यावर केक खाल्ला की पुन्हा चढ, पुन्हा उतार. तो माणूस संध्याकाळभर खातो आणि स्वतःला हावरट समजतो. दोन्हीपैकी काय आहे, की दोन्ही आहे, ते आकडे आणि डॉक्टर ठरवतील. गोळी स्वतःच्या मनाने सोडू नका. फोन मात्र आजच करा.

सकाळची भूक मला भूक वाटत नाही. स्लीव्हमध्ये उरलेलं पोट अरुंद नळीचं असतं, आत दाब जास्त राहतो, आम्लपित्ताचा त्रास बऱ्याच जणांना होतो. आम्ल कुरतडतं तेव्हा ते हुबेहूब भुकेसारखं लागतं. दोन घासांनी शमणं आणि पाऊण तासात परत येणं, रिकाम्या पोटी चहा, आणि नेमकी ॲसिडिटीची गोळी थांबल्यानंतर सुरू झालेलं. ती गोळी परत लागेल का, हेही त्याच फोनमध्ये विचारा. आणि चहाआधी काहीतरी पोटात हवं. पहाटे पाच ते अकरा म्हणजे सहा तास तुम्ही फक्त चहावर उभ्या आहात. सात वाजता दोन उकडलेली अंडी किंवा पनीरची भुर्जी, उभ्याने नाही, स्टुलावर बसून. वीस मिनिटं. डब्याच्या पोरांना वीस मिनिटं उशिरा बोलवा.

आता चिवड्याचं कोडं. भाकरी आणि उसळ घट्ट असते, नळीत थांबते, पोटाची भिंत ताणली जाते आणि मेंदूला पुरे म्हणून निरोप जातो. चिवडा, खारी, बिस्किट, खाकरा, वेफर्स चावले की त्यांचा लगदा होतो, चहा सोबतीला असला तर पाणीच, आणि तो न थांबता पुढे घसरतो. आमच्यात या पदार्थांना स्लायडर म्हणतात. वजन परत चढलेल्या रुग्णांच्या वह्यांत मला मटण-भाकरी क्वचितच सापडते. चहा-खारी जवळजवळ नेहमी सापडते.

पोट मोठं झालं का? थोडी जागा वाढतेच. ऑपरेशननंतरची सूज उतरते, नळी थोडी सैलावते, त्यामुळे दुसऱ्या महिन्यापेक्षा आठव्या महिन्यात जास्त जातं. ते अपेक्षित आहे. अर्ध्या भाकरीला दाटतंय म्हणजे तुमची नळी आपलं काम करते आहे.

मग भूक आली कुठून? घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक आहे, १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांच्या गटाने शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं आणि स्लीव्हमध्ये जठराचा जो ७५-८० टक्के भाग काढतात त्यात हा भाग जातो. तुमचा संन्यास हा असा होता. पण भूक एका घ्रेलिनवर चालत नाही. चरबी कमी झाली की चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन कमी होतं, आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा लावतो. ३२ किलो गेल्यावर शरीर ते परत मागणारच. मला सरळमार्गींना सांगायचं होतं ते हे, की यात जिभेचा दोष फार थोडा आहे.

रात्रीच्या भुकेचा हिशोब मी दिवसभराच्या प्रथिनांवर मांडते. तुम्हाला दिवसाला ६० ते ८० ग्रॅम हवीत. तुम्ही लिहिलंय त्यावरून ३०-३५ पलीकडे जात नसावीत. ब्रोकोलीचा कागद ठेवून द्या, तुमच्या ओट्यावर सगळं आहे. अंड्यात ६ ग्रॅम. बांगडा किंवा सुरमई १०० ग्रॅम म्हणजे २० च्या आसपास, कालवणातला तुकडा चालतो, कालवण ओतून घेऊ नका. पनीर १०० ग्रॅमला १८. घट्ट वरणाची वाटी ६-७, पातळ आमटीची त्याच्या निम्मी. सोयाबीनच्या वड्या कोरड्या २५ ग्रॅम घेतल्या तर १३. ३० ग्रॅम बेसनाचं घट्ट पिठलं ६-७. दह्याऐवजी चक्का, साखर न घालता. ताक प्या, पण ते प्रथिनांत धरू नका, ते पाणी आहे. एका वेळी २० ग्रॅम जमलं तर तीन जेवणांत काम होतं, चौथं छोटं खाणं साडेतीनला ठेवा, म्हणजे साडेचारची वाट बघायला नको.

पाणी दीड ते दोन लिटर, घोटघोट, जेवणापासून लांब. शेगडीपुढे घाम जातो, तहानही पुष्कळदा भूक म्हणून येते.

एक चौकशी. कॅल्शियमची गोळी सायट्रेट आहे की कार्बोनेट? कार्बोनेट पचायला आम्ल लागतं, आणि ॲसिडिटीची गोळी सुरू झाली तर ते कमी होतं. सायट्रेट मागून घ्या. आणि लोहाची गोळी यादीत दिसली नाही. पाळी सुरू असेल तर तीही विचारा, कॅल्शियमपासून दोन तास लांब.

---

हिंजवडीफाटा

ताई, रात्रीच्या भुकेबद्दल मी लिहिते, कारण त्यात मी पदवीधर आहे.

वय ३४, स्लीव्हला अडीच वर्षं. १०८ वरून ७१, मग ८३. नोकरी बदलली, रात्री अमेरिकेशी कॉल, आणि कॉलवर म्यूट करून खाकरा. कोणी ओरडत असेल तर दोन. प्रथिनं मी मोजून खाते, वरच्या ताईंचं सगळं बरोबर आहे, तरी रात्री साडेदहाची ती भूक प्रथिनांनी जात नाही. ती दिवस संपल्याची भूक आहे. दिवसभर दुसऱ्यांसाठी राबल्यावर एक गोष्ट आपली हवी असते, आणि आजवर ती ताटातच मिळाली. ऑपरेशनने ताट लहान केलं, ते हवंसं वाटणं तसंच राहिलं. याबद्दल ऑपरेशनआधी मला कोणी बोललं नव्हतं, समुपदेशनाचा एक फॉर्म होता, तो रिसेप्शनवर भरून घेतला.

मला उपयोगी पडलं ते अगदी फालतू आहे. स्वयंपाकघराचा दिवा बंद करून दात घासायचे. पेस्टची चव आली की खाकरा बेचव लागतो. आणि हाताला काम. मी क्रोशाचं शिकले, वाईट विणते, पण दोन्ही हात अडकतात. झोपही. पाच तास झोपलेल्या दिवशी माझी खा-खा दुप्पट असते.

आणखी एक, कारण कोणीतरी विचारणारच. वजन चढल्यावर माझ्या डॉक्टरांनी मला मोंजारोची, म्हणजे भूक आणि वजन कमी करणाऱ्या औषधाची इंजेक्शनं दिली, आठवड्याला एक. ते भारतात मार्च २०२५ मध्ये आलं. डोक्यात सतत चालणारी खाण्याची चर्चा त्याने खरंच थांबली. पण मळमळ, बद्धकोष्ठता, आणि महिन्याचा खर्च ऐकून बाबा अर्धा दिवस बोलले नाहीत. शिवाय आधीच कमी जेवणाऱ्या माणसाने त्यावर आणखी कमी जेवलं की केस गळतात आणि स्नायू जातात. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून आणून सुरू करायची ही गोष्ट नाही. ताई, तुमचं वजन अजून उतरतंय, तुम्हाला आत्ता त्याकडे बघायचंही कारण नाही असं मला वाटतं.

---

तांबडापांढरा

हिंजवडीफाटा, बाबांना सांगा, महिन्याला बाहेरून मागवलेल्या जेवणाची बिलं आधी बघा.

मुगाचंवरण मॅडम, चव बघण्याचं काय ते राहिलं. वहिनींचा खरा अडसर तिथेच आहे. आमच्या शेजारी आचारी आहे, तो चव बघून बघून दिवसभर जेवतच नाही आणि तरी ११० किलो आहे.

---

मुगाचंवरण

खरं आहे, राहिलं. फोडणीच्या भाज्या, आमटी, कढी यांची चव म्हणजे चमच्याच्या टोकाला लागेल एवढी, त्याने काही बिघडत नाही. भाजीचा चमचा चाटून लगेच दुसरा भरून घेण्याची सवय मात्र सुटायला हवी. अवघड आहेत ती गोडाची कामं, पाक, सारण, खीर, पुरण. ती चव दुसऱ्या कोणाला बघू द्या. आणि मापाने करा. तुम्ही इतकी वर्षं करताय, नारळाला गूळ किती हे तुमच्या हातात आहे, जिभेला विचारायची गरज बहुधा नाही.

---

पाटावरवंटा

मंडळी, कळवायला आले.

दुपारी चार वीसला हात कापायला लागले तेव्हा आधी बोटाला सुई टोचली. ६१. साखरपाणी घेतलं, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, मग फॅमिली डॉक्टरांना फोन. त्यांनी ग्लिमेपिराइड त्याच क्षणी बंद करायला सांगितली आणि आठवडाभर रोज तीनदा तपासून आकडे पाठवायला. आता उपाशीपोटी ९५ ते १०५ च्या मध्ये आहे, गोळीशिवाय. दुपारचं थरथरणं थांबलं. पण परवा एका घरच्या श्राद्धाला आग्रहाने वाटीभर खीर घेतली, दोन तासांनी परत घाम आला आणि आकडा ६८. म्हणजे मॅडम, तुमच्या दोन्ही शक्यता माझ्याकडे मुक्कामाला होत्या. सर्जनच्या दवाखान्यातही फोन केला, त्यांनी ॲसिडिटीची गोळी परत चालू केली आणि तारीख अलीकडे घेतली. सकाळचं कुरतडणं निम्म्याने कमी आहे.

सात वाजता स्टुलावर बसून अंडी खाते. पहिल्या दिवशी सासूबाई बघायला आल्या की मला बरं नाही का. या स्वयंपाकघरात बसून खाताना मला कोणी पाहिलेलंच नाही.

चव आता सुनंदा बघते, माझी मदतनीस. तिचं मीठ माझ्यापेक्षा जरा पुढे आहे, दोन गिऱ्हाइकांचा फोन आला. जमेल हळूहळू.

रात्रीची मात्र तशीच आहे. दात घासून पाहिले, परत उठून चिवडा खाल्ला आणि परत घासले. हिंजवडीफाटा, क्रोशाचं बघते.

आता नवा प्रश्न. नवरात्र तोंडावर. आमच्याकडे घट असतात, नऊ दिवस उपास असतो. गेली बावीस वर्षं मी केलाय. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळं, वरी. मोडला तर मलाच चैन पडणार नाही. कसा करू?

---

मुगाचंवरण

६१ वर वेळेत फोन केलात, फार बरं केलंत. ६८ चा आकडाही सर्जनना दाखवा.

उपासाच्या ताटात जवळजवळ सगळा स्टार्च असतो. साबुदाण्यात प्रथिन नावालाही नाही, आणि तो चिकट होऊन नळीत बसतो, अनेकांना त्याने उलटी होते. नुकतीच साखर कोसळत होती त्या माणसाने नऊ दिवस खिचडी-कीस-रताळ्यावर काढणं मला मान्य नाही. करायचाच तर उठता-बसता करा, पहिला दिवस आणि शेवटचा. त्या दोन दिवसांत पनीर, चक्का, दूध, आणि वरी घ्यायची तर चार चमचे, सोबत दाण्याची घट्ट आमटी. ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७-८ ग्रॅम प्रथिनं असतात. राजगिऱ्याचं थालीपीठ घेतलं तर पाव भागच. खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू नकोत. निर्जळी बिलकूल नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्या उपासातही चालू. सर्जनना आधी विचारा, ते नाही म्हणाले तर नाही.

---

तांबडापांढरा

वहिनी, अंबाबाई काही वजनकाटा घेऊन बसलेली नाही. पण उठता-बसता हे चांगलं आहे.

---

पाटावरवंटा

सर्जनना विचारलं, दोन दिवसांना हो म्हणाले, ग्लुकोमीटर जवळ ठेवून. सासूबाईंना कसं सांगायचं या विचारात होते, तर त्याच म्हणाल्या, "माझ्या सासूबाई बाळंतपणानंतर मला उठता-बसताच करायला लावायच्या. तुझंही पोट फाडलेलंच आहे."

दाण्याच्या आमटीला कोकम कधी घालता, शेवटी की उकळताना? सुनंदा शेवटी घालते आणि मला ती कच्ची लागते. पहिल्या माळेच्या चाळीस ऑर्डरी आल्यात, त्याआधी ठरवायला हवं.